माझ्या नावाची फाईल

एर्लांगेन,
११ जानेवारी २००९

प्रिय दादा,

तुम्ही तिघं ठीक असालच. इथे आम्हीही ठीक. गेल्या आठवड्यात एवढी थंडी पडली की कालवा गोठला आणि हरीशनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर आपटून घेतलं. फार लागलं नाही. ऑफिसला अजून सायकलनंच जातो, हट्टानं. ध्रुवशी परवा फोनवर बोलले. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तरं देतो. शेवटी त्यानंच मला विचारलं, आत्या, तू दर वेळी 'जेवलास का' हेच का विचारतेस? वहिनीला सांग, तिनं दिलेला गोडा मसाला पुरवून वापरते आहे.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मी हा विषय काढला की तुला नेमका दुसरा फोन येतो. ईमेल तू ऑफिसात उघडतोस. म्हणून कागद.

मला २००४ सालच्या माझ्या कोर्टाच्या कागदांवरचा केस नंबर हवा आहे. तुझ्याकडे एश्बॉर्नला ती कागदपत्रं असणार, कारण माझ्याकडे तेव्हा कुणी काही दिलंच नाही.

हरीशची बदली या गावात होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण झाली, आणि आता भाजी आणायला जाणारी माझी बस त्या हॉस्पिटलवरून जाते. आपल्या घरात ज्याला 'कावीळ' म्हणतात ती मला जिथे झाली होती, ते हॉस्पिटल. पहिले काही दिवस मी मान दुसरीकडे वळवून बसायचे. मग एकदा मुद्दाम उतरले आणि फाटकाशी उभी राहिले. त्या दिवसांतलं मला किती थोडं आठवतं हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. हिरवा पडदा आठवतो. माझी वेणी घालून देणारी एक म्हातारी पेशंट आठवते. आणि कोट घातलेला एक माणूस, माझ्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलेला, मांडीवर कागद. तो मला काहीतरी विचारत होता आणि मी उत्तरं देत होते. काय विचारत होता, मी काय म्हणाले, काही आठवत नाही.

चौकशी केली तेव्हा समजलं की तो न्यायाधीश असणार. इथे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध हॉस्पिटलात ठेवायचं तर आम्ट्सगेरिष्टचा, म्हणजे आपल्या तालुका कोर्टासारख्या कोर्टाचा, आदेश लागतो, आणि न्यायाधीशाला स्वतः येऊन त्या माणसाशी बोलावं लागतं. तो काय बोलला आणि मी काय बोलले हे लिहून ठेवलेलं असतं. मला ते वाचायचं आहे. बास, एवढंच.

नंबर कळव.

तुझी,
ईपू

एर्लांगेन,
८ फेब्रुवारी २००९

दादा,

मी तुला पत्र लिहिलं. तू हरीशला फोन केलास, तोही ऑफिसात. "ती नीट झोपते ना? जुन्या गोष्टी उकरायला लागली तर मला कळव." असंच म्हणालास ना? हरीशनं मला शब्दन् शब्द सांगितलं. त्याला वाटलं, मी तुझ्याशी भांडले आहे.

लग्नाआधी तूच मला बजावलं होतंस की हरीशला यातलं काही सांगायचं नाही. "सांगितलंस तर कोण करेल तुझ्याशी लग्न?" हे वाक्य तू आईसमोर म्हणालास आणि आई पोळ्या लाटत राहिली. मी ऐकलं. अडीच वर्षं त्या माणसाशेजारी झोपताना मी ते ऐकलं. झोप लागली नाही तर उठून बसायचीही मला भीती वाटायची, त्यानं कारण विचारलं तर काय सांगू म्हणून. आणि आता तूच त्याला विचारतोस, ती नीट झोपते ना?

तर परवा मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरेटच्या कामासाठी लॅबमध्ये सलग रात्री जागून काढल्या होत्या, यंत्रं माझं बोलणं टिपून घेतात अशी माझी खात्री झाली होती, स्टेशनच्या फलाटावर पातळ सदऱ्यात बसून मी हलायला तयार नव्हते आणि पोलिसांनी मला उचललं. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, हेही सांगितलं. सांगतानाच मी मनात बॅग भरत होते.

मग हरीश म्हणाला, "या गावात परत यायचं ठरलं तेव्हा तू एवढंच विचारलंस की घराला बाल्कनी आहे का. आणि मी तुला बाल्कनीचे फोटो दाखवत बसलो."

मी म्हटलं, "रागावलायस?"

"हो. पण तुझ्यावर नाही. कोर्टात मी येऊ का बरोबर?"

तू त्याला सांगितलंस म्हणे की अशा फायली पाच वर्षांत नष्ट करतात, आणि त्या फक्त वकिलाला बघता येतात. दोन्ही खोटं आहे. तुला माहीत नव्हतं की माहीत असून सांगितलंस, ते तूच ठरव.

आम्ही दोघं कोर्टात गेलो. खिडकीमागे फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई होत्या. केस नंबर नाही म्हटल्यावर त्यांनी नाव आणि जन्मतारीख घेतली. 'ईप्सिता सोहोनी' सापडेना. मग माझं माहेरचं नाव दिलं, लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर दाखवलं, आणि 'आगटे' सापडली. फाईल तळघरात आहे, मागवायला वेळ लागेल, म्हणाल्या. मला कारण लिहून द्यावं लागेल असं वाटत होतं. रात्री बसून मी जर्मनमध्ये दोन पानी कारण तयार केलं होतं, ते पुढे केलं. त्यांनी ते न वाचता परत दिलं.

"फ्राऊ सोहोनी, ही तुमचीच फाईल आहे. तुम्ही फक्त पासपोर्ट घेऊन या."

मला तिथे रडू आलं. पाच वर्षांत माझ्या त्या दिवसांबद्दल 'तुमचं' हा शब्द कुणी वापरला नव्हता.

आता हरीशला फोन करू नकोस. मला लिही.

ईप्सिता

एर्लांगेन,
१५ मार्च २००९

दादा,

तुझं पत्र आलं नाही. माझं मात्र वाचून झालं आहे.

एका छोट्या खोलीत टेबलावर फाईल ठेवली होती. हरीश बाहेरच्या बाकावर बसला. मी म्हटलं होतं, आधी एकटी वाचते.

आधी पोलिसांचा कागद होता, मग डॉक्टरांचा. ते वाचताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. आजारी होते, आजारी लिहिलं होतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की पेशंट भ्रमात आहे, 'माझ्या पेशी उपाशी आहेत, त्यांना खायला घाला' असं सारखं म्हणते आहे.

मग न्यायाधीशाची नोंद. ती मी तुझ्यासाठी मराठीत उतरवते, तू ती वाचली नसणार म्हणून: "फ्राऊ आगटे खिडकीपाशी बसल्या आहेत. प्रश्नांची उत्तरं देतात, मधेच धागा सुटतो. इथे राहायची इच्छा नाही, पण डॉक्टरांना वाटत असेल तर थोडे दिवस राहीन, म्हणतात. पेशींना खाऊ घालण्याची विनंती करतात. मी इन्स्टिट्यूटला फोन केला. विधान शब्दशः खरं आहे. इन्क्युबेटरमध्ये त्यांनी वाढवलेल्या हाडांच्या पेशी आहेत आणि त्यांचं पोषणद्रव्य बदललेलं नाही. इन्स्टिट्यूट व्यवस्था करील. त्यांना डॉक्टरेट पूर्ण करायची आहे, असं त्या स्पष्टपणे सांगतात."

त्या अवस्थेत मी हे स्पष्टपणे सांगितलं होतं, दादा. आणि एका अनोळखी माणसानं फोन करून खरं-खोटं केलं होतं. तू माझा भाऊ. तू केलं नाहीस.

पुढे तुझी नेमणूक. त्यांनी तुला तात्पुरता बेट्रॉयअर केलं, म्हणजे मी बरी होईपर्यंत माझ्या वतीनं बोलणारा माणूस. फक्त औषधपाण्यापुरता, असं आदेशात लिहिलं आहे. माझ्या अभ्यासाचा, माझ्या कामाचा त्यात उल्लेखही नाही. मी बरी झाल्यावर, नोव्हेंबरातच, कोर्टानं मला हॉस्पिटलात ठेवण्याचा आणि तुझ्या नेमणुकीचा, दोन्ही आदेश रद्द केले. ठरल्या मुदतीच्या आधी. तेही तू मला कधी सांगितलं नाहीस.

त्यानंतर डिसेंबरमधला तुझा फॅक्स. तुझ्या कंपनीच्या कागदावर, इन्स्टिट्यूटला आणि प्रत कोर्टाला. "माझ्या बहिणीला शिक्षण पुढे चालू ठेवण्याची इच्छा नाही. ती कायमची भारतात परत जात आहे."

त्यावर प्रोफेसरांचं उत्तर. त्यांनीही प्रत कोर्टाला पाठवली, म्हणून ती राहिली. त्यांनी लिहिलं होतं की फ्राऊ आगटेंची जागा उन्हाळी सत्रापर्यंत ठेवली आहे, पेशी गोठवून जपल्या आहेत, आणि हा निर्णय त्यांनी स्वतः कळवावा अशी विनंती आहे. दोन ओळी का होईना, स्वतः.

आणि तुझं शेवटचं पत्र: "ती लिहिण्याच्या अवस्थेत नाही."

त्या डिसेंबरात मी तुझ्या घरी होते, दादा. रोज सकाळी ध्रुवला किंडरगार्टनला पोचवत होते, दुपारी आणत होते. एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, वहिनीबरोबर फ्रँकफुर्टला जाऊन किराणा आणत होते. तुझं तीन वर्षांचं पोर रस्ता ओलांडताना माझ्या हातात देता येत होतं, पण दोन ओळी लिहायला मी लायक नव्हते.

आता मी जे लिहायचं टाळत होते ते. नाताळाच्या सुट्टीत एक दिवस मी भांडी विसळत होते आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालास, "ईपू, प्रोफेसरांनी कळवलंय. अशा मुलीला परत लॅबमध्ये घेता येत नाही म्हणाले. मनाला लावून घेऊ नकोस." मी तुला विचारलं होतं, "असंच म्हणाले? अशा मुलीला?" तू म्हणालास, "गेनाऊ. असंच." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

त्यांचं उत्तर तेव्हा तुझ्याकडे आलेलं होतं.

'अशा मुलीला' हे दोन शब्द घेऊन मी पुण्याला आले. ते घेऊन मी शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं. त्या प्रोफेसरला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील. आणि त्यानं माझ्या पेशी जपून ठेवल्या होत्या. ते शब्द तुझे होते. दुसऱ्याच्या तोंडी घालून दिलेस.

तू घाबरला होतास हे मला कळतं. बाबा नव्हते, आई फोनवर रडत होती, आणि तू दर शनिवारी गाडी पकडून त्या कॉरिडॉरमध्ये येऊन बसायचास, हे नर्सच्या नोंदींत आहे. 'भाऊ आला, संत्री आणली, भाऊ रडला.' ते वाचून मीही रडले. म्हणून मी आठवडाभर हे पत्र लिहिलं नाही. वाटलं, पोटात घालावं. पण पोटात घालायला गेलं की तो फॅक्स वर येतो. तू मला जगवलंस हे खरं, आणि माझ्या आयुष्याची वाट परस्पर मोडलीस हेही खरं. एकानं दुसरं फिटत नाही.

मी इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. प्रोफेसर गेल्या वर्षी वारले. त्यांना सांगायचं राहिलं, ते राहिलंच. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी मला बसवून घेतलं. मी आजारापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पेशी आता कामाच्या राहिलेल्या नाहीत, विषयही जुना झाला. "आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. चालेल?" ऑक्टोबरपासून अर्धवेळ जागा आहे. मी हो म्हटलं. कुणाला न विचारता म्हटलं. घरी येऊन हरीशला सांगितलं तर तो म्हणाला, मग आता रात्री कोण जागणार? मी म्हटलं, कुणीच नाही, रात्री झोपायचं. माझी डॉक्टरही इथेच शोधली आहे. काळजीचं कारण नाही, आणि असलं तर मी सांगेन.

ईस्टरला आई तुझ्याकडे येते आहे आणि तुम्ही सगळ्यांनी इकडे यायचं ठरलं आहे. या. पण त्याआधी आईला हे तू सांग, तुझ्या तोंडानं. तिला अजून वाटतं की मला जर्मनीनं हाकललं. इथल्या एकाही माणसाचं नाव ती चांगलं घेत नाही. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि मी मऊ करून सांगणार नाही.

वहिनीला काही माहीत होतं का, हे मी विचारत नाही. तिच्याशी माझं भांडण नाही.

तुला उत्तर द्यायचं असेल तर मला दे. चिडून दे, ओरडून दे, चालेल. पण हरीशकडे नको, आईकडून नको, 'ती आता तशी झाली आहे' असं कुणाच्या कानात सांगून नको. आजपासून माझ्या वतीनं कुणाशीही बोलू नकोस.

ईप्सिता