पाहुणे का निघून जातात

प्रिय दादा,

तळ्याकाठच्या लॉजमधली रिसेप्शनची नोकरी सोडून मी पर्यटन व्यवस्थापनात एमबीए करायला निघाले, तेव्हा तू म्हणालास, "लोकांना फिरवायला डिग्री कशाला लागते?" आणि माझ्याशी बोलणंच टाकलंस.  मला एकच कुतूहल होतं: पाहुणे एक रात्र राहून सकाळीच का निघून जातात? ते शोधायचं कसं, हे कॉलेजात शिकले.

परत आले, तर मालक ते लॉजच बंद करायला निघालेले. म्हटलं, "आधी जाणाऱ्यांना विचारू तर द्या!" डिग्री होती म्हणून त्यांनी ऐकून तरी घेतलं. पाहुण्यांचं म्हणणं एकच, दिवस मावळल्यावर इथे करायचं काय? मग नावाड्यांना गळ घातली, कंदील लावून संध्याकाळच्या फेऱ्या सुरू केल्या. हळूहळू लोक मुक्काम वाढवू लागले. आता त्या लॉजची मॅनेजर मी आहे.

काल वहिनीला हळूच विचारलं, "दादा काही म्हणतो का गं?"

ती हसली. "तोंडाने नाही. पण तुझ्या लॉजचे फोटो रोज मोबाइलवर उघडून बघतात."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, तू स्वतः यायची वाट बघते. बघू या, नुसत्या फोटोंवर तुझं किती दिवस भागतं!

तुझी,
धाकटी