आग्नेय कोपरा

११ जानेवारी, रविवार

— आणि परत तेच! बाबा फोनवर म्हणतात, नाव काय चाटायचंय का तुला, भावाचं घर ते आपलंच घर. आपलंच आहे ना, मग कागदावर माझं नाव घालायला काय होतं? अकरा हजार युरो दिलेत मी. तीन वर्षं मटणाच्या फॅक्टरीत गार हाडं सोलून साठवलेले. व्हॅन घ्यायची होती, रंगकामाचा स्वतःचा धंदा करायचा होता. देताना बाबा म्हणाले, वर एक ठेव, शुभ असतं. मी म्हटलं एकबिक काही नाही. आहेर देत नाही मी, हिस्सा देतोय.

दादा म्हणतो, बँकेच्या कर्जात दोन नावं आली की गुंता होतो. पुढं बघू. हे पुढं बघू मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा घरात एकाच्याच फीचे पैसे होते. रणजित हुशार, रणजितला शिकू दे, संग्याचं पुढं बघू. रणजित इंजिनिअर झाला, शॅननला कंपनीत हृदयात घालायच्या नळ्या बनवतो. संग्या अजून पुढं बघतोय.

१७ जानेवारी, शनिवार

आजपासून मीच राहायला आलो. घर रिकामं ठेवायचं नाही म्हणे, जुने मालक परत आले तर. म्हणजे आले तर मी मार खायचा.

घर एनिस गावाच्या बाहेर, शेताच्या कडेला. बैठं. आत गांजा पिकवायचे. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, दार फोडून झाडं नेली आणि बाकीची घाण आम्हाला ठेवली. छतात बादलीएवढी भोकं. भिंतींना स्टेपल मारलेला पांढरा प्लास्टिकचा कागद, ओढला की मागं काळी बुरशी. बाथटबमध्ये माती, मातीत अजून मुळं. दादा सगळ्यांना सांगतो, बार्गेन मिळालं. घासतोय कोण ते सांगत नाही.

शेजारची म्हातारी नोरीन कुंपणावरून बघत होती. तिच्या तोंडी त्या गांजावाल्याचं नाव नाही, नुसतं 'युवर मॅन', म्हणजे 'तो माणूस'. युवर मॅनने दोन वर्षं पडदा उघडला नाही. सगळ्या रस्त्यावरच्या छपरांवर हिव साचायचं, याच्या नाही, आत झाडांसाठी दिवे तापलेले. मी म्हटलं मग तेव्हा पोलिसांना का नाही सांगितलंस? तर म्हणते, आम्हाला वाटलं हीटिंग चांगलं आहे!

२० जानेवारी

हाडं गोठली. घरात एकच जागा उबदार — पुढच्या खोलीतला खिडकीसमोरचा कोपरा. फरशी कोमट लागते. गादी तिथं ओढली.

२४ जानेवारी, शनिवार

दादा-वहिनी आले. वहिनीला सातवा लागलाय, तिला सगळं बसून दाखवायचं. कोमट फरशीला हात लावून ती खूश. म्हणाली हा तर आग्नेय कोपरा, अग्नीची दिशा, घर चांगलं आहे.  मग जाताना दादा मला म्हणतो, तिथं झोपू नकोस, तिकडं खिडकीखाली झोप. का? तर म्हणे खाली हीटिंगचा पाइप असेल, फुटला तर भिजशील. खिडकीतून सुरीसारखा वारा येतो! माझी तेवढी ऊबसुद्धा याला बघवत नाही.

तिथंच झोपणार.

२ फेब्रुवारी

भिंत तापली की प्लास्टरमधून गांजाचा वास सुटतो. तीन हात रंग मारला तरी सुटतो. आज कामावर सुपरवायझरने बाजूला घेतलं. जॅकेट हुंगलं त्याने माझं. कुत्र्यासारखं. म्हणाला, तुझं बाहेर काय चालतं ते तू बघ, पण हातात सुरी असताना नको. मी सांगितलं, भावाचं घर आहे, असं असं झालं. हसला. ग्रँड, ग्रँड म्हणाला, म्हणजे ठीक आहे. विश्वास नाही बसला त्याचा.

दादाला सांगितलं तर तोही हसला.

८ फेब्रुवारी, रविवार

प्लास्टरबोर्ड मी धरायचा, वर बघून सूचना दादाने द्यायच्या. बोर्ड डोक्यावर आला तेव्हा बोललो, जळून जाऊ दे एकदाचं हे घर. वहिनी दारात होती. भाऊजी, असं बोलू नये घरात, वास्तू तथास्तु म्हणते. मी म्हटलं अजून वास्तुशांत झाली नाही, वास्तूला मराठी कळत नसेल. ती हसली नाही.

तिच्याशी भांडण नाही माझं. डबा आणते दर वेळी.

२२ फेब्रुवारी, रविवार

वास्तुशांत सात मार्चला. ब्लँचर्डस्टाउनचा कोणी सॉफ्टवेअरवाला शनिवार-रविवारी भटजी होतो, तो येणार. दादाचे कंपनीतले चाळीस लोक येणार. वहिनीच्या आईने कराडहून वास्तुपुरुषाची प्रतिमा पाठवलीय, बोटाएवढी. आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पालथी पुरतात.

यावर दादा का भडकला देव जाणे. जमीन फोडायची नाही म्हणे, डबीत घालून भिंतीला चिकटवा, पुण्यात फ्लॅटमध्ये तसंच करतात. वहिनी म्हणाली, फ्लॅटला जमीन नसते, आपल्याला आहे. त्याने तिलाही गप्प केलं. गावात देवळाला देणगी देणारा हाच.

पुरणार. मीच खड्डा काढणार. बघू काय करतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार



कामावरून येऊन गादी उचलली, लाकडी पट्ट्या काढल्या. खाली सिमेंटचं ठिगळ, बाकीच्या फरशीपेक्षा वेगळ्या रंगाचं. छिन्नीने फोडलं. हातभर खाली काळी वायर, मनगटाएवढी. तिला दुसरी जोडलेली, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी वितळलेली. एका ठिकाणी तांबं उघडं. छिन्नी तिथून दोन बोटांवर थांबली होती.

आकडा! आपल्याकडे खांबावर टाकतात, इथं जमिनीखालून टाकलाय. मीटरच्या आधीच लाइन फोडून घेतलेली. पाणी तापवायचा हीटर अजून त्याच्यावरच चालतोय — म्हणून बिल कमी येतं, म्हणून फरशी कोमट.

आणि त्याच्यावर मी महिनाभर झोपलोय.

दादाला फोन केला. अर्ध्या तासात आला. खड्ड्यात बघितलं, पण दचकला नाही. तेव्हाच कळलं मला. म्हणाला, घर दाखवताना एजंट बोलला होता, चोरीची वायर असू शकते, तपासून घ्या. मला वाटलं गार्डांनी तोडली असेल.

"आणि मी त्याच्यावर झोपत होतो ते?"

"खिडकीखाली झोप म्हटलं होतं ना तुला."

"का झोप ते नाही सांगितलंस."

"तुला सांगणं म्हणजे सगळ्या एनिसला सांगणं, संग्या."

मारणार होतो. खरंच मारणार होतो.

मग तो खाली बसला, माझ्या गादीवर. वीजवाल्यांना कळलं तर लाइन तोडतील, मागचं सगळं वसूल करतील, तपासणी होईपर्यंत महिना-दोन महिने अंधार. भाड्याचं घर सोडायची नोटीस दिलीय. तुझी वहिनी अशा अवस्थेत. आत्ता सिमेंट टाकून बंद कर, बाळ झालं की बघू. आणि मग म्हणाला —

"सोमवारी सॉलिसिटरकडे जाऊ. तुझं नाव घालतो."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा पुढं बघू नाही म्हणाला.

२५ फेब्रुवारी

सिमेंट टाकलं. गुळगुळीत केलं. वर पट्ट्या बसवल्या. काम चांगलं झालं.

गादी खिडकीखाली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

झोप नाही. वाऱ्यामुळे नाही.

सॉलिसिटरची वेळ सोमवारी अकराला. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा आणायला सांगितलाय. दोन्ही काढून ठेवलेत. बाबांना सांगितलं, तर म्हणाले बघ, मी म्हणत नव्हतो? भाऊ आहे तुझा.

१ मार्च, रविवार

वहिनी पाळणा घेऊन आली. लाकडी, कोणाकडून तरी वापरलेला, गाडीत आडवा घालून. दादा दुकानात गेला होता. तिने मलाच उचलायला लावला, आणि मग हाताने दाखवलं — तिथं.

त्याच कोपऱ्यात. इथं ऊब असते भाऊजी, बाळाला गार लागायचं नाही. आणि मी टेकून इथं बसेन.

मी पाळणा धरून उभा. ती म्हणाली, जड आहे का? मी म्हटलं नाही.

मला सोमवार दिसत होता. खरं तेच लिहितो. पाळणा हातात होता आणि डोक्यात पासपोर्ट होता.

"वहिनी, तिथं नको."

का ते सांगितलं. सगळं. ती ऐकत पोटावर हात ठेवून भिंतीपासून लांब सरकली. विचारलं, ह्यांना कधीपासून माहीत? मी पाळणा दारापाशी ठेवला. ती बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी बंद, काचा वर, एवढ्या थंडीत.

रस्त्यावर जाऊन मीच वीजवाल्यांना फोन केला. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये. पत्ता तीनदा सांगितला.

२ मार्च, सोमवार

दोन माणसं आली. बघून एकाने शिटी वाजवली. लाइन तोडली.

अकरा वाजून गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी फरशी फोडत होतो.

दादा दुपारी आला. ओरडला नाही. "झालं समाधान? वास्तुशांत रद्द, चाळीस लोकांना कळवायचंय, बायको माझ्याशी बोलत नाही. आता नाव विसर. या घरावर नाही, कुठल्याच घरावर नाही." मी म्हटलं घर तुझ्या उरावर घेऊन झोप, माझे अकरा हजार टाक. तो म्हणाला कोर्टात जा. कोर्टात काय दाखवणार, भावाला दिले म्हणून?

पासपोर्ट खिशातच होता. गादी उचलली, एनिसला जुन्या खोलीवर आलो. इथं सहा जण. निदान खाली सिमेंट आहे आणि त्याखाली माती.

११ मार्च

गोर्टला एकाची पांढरी व्हॅन बघितली. जुनी, पण इंजिन चांगलं. चार हजार सहाशे म्हणतो. दीड महिना भाडं वाचलं, ओव्हरटाइम केला, जवळपास जमलेत. या वेळी कोणाला विचारणार नाही. सांगणारही नाही.

१८ मार्च, बुधवार

वहिनीचा फोन. दादाचं काही बोलली नाही. जुन्या घरमालकाने आणखी एकच महिना दिलाय. इलेक्ट्रिशियन म्हणतो घरभर नवीन वायर ओढायला हवी, साडेचार हजार. बँक आणखी देत नाही. पैसे मागितले नाहीत तिने. मागायला फोन केला असता तर बरं झालं असतं, नाही म्हणता आलं असतं.

फक्त म्हणाली, डबा ठेवलाय तुमचा, येऊन घेऊन जा. आणि — भाऊजी, पाळणा अजून तिथंच आहे, तुम्ही ठेवलात तिथं, दारापाशी. दुसरीकडे हलवला नाही कोणी.

दादाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

२१ मार्च, शनिवार

गोर्टच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

दादाच्या खात्यावर पाठवले — ४,५०१ युरो.