मीटर की जीपीएस

रविवार, संध्याकाळ

मंचरला सायकलच्या दुकानात गेलो होतो. किलोमीटर मोजणारा साधा मीटर घ्यावा की जीपीएसवाला, ठरत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, जीपीएसच घ्या. तुमी कुठवर आलात ते घरच्यांना मोबाईलवर दिसंल. कुणाचा नंबर टाकू?"

घरच्यांना, म्हणे. घरचं एकच माणूस होतं, माझी बायको मालती. तिला जाऊन चार महिने झाले. आळेफाट्यावरून मी फोन केला की ती इकडे तवा ठेवायची. पोचेपर्यंत भाकरी तयार.

साधाच घेतला. वाईट वाटलं का? तेही नीट कळलं नाही.

येताना आळेफाट्यावर सवयीनं थांबलो, फोन काढला. आता तवा कोण ठेवणार?

किती वेळ उभा होतो कोण जाणे. साधा मीटर थांबलेला वेळ मोजत नाही.