न चाखलेला पाव

ता. ४, सोमवार
बेकरी, मागची खोली

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनी म्हणाल्या, अंगात त्राण नाही पण चिडचिड जोरात आहे. म्हणजे तू अजून तूच आहेस.

आता बातमी ऐक आणि उडी मार (पडल्या पडल्याच मार). भुईआवळ्याचा पाव जमला! आजवर त्याची पूड पिठात घातली की पाव कडूजहर आणि वर विटेसारखा बसका. या वेळी मी ती भाजलेल्या तिळांबरोबर दळली, पीठ थंड जागी सावकाश आंबू दिलं, आणि आज पाव असा टम्म फुगला की भट्टीवाले मामा दार लावायचंच विसरले! मालकीणबाईंना माझं कधी काही आवडत नाही. त्यांनी खाल्ला आणि गुपचूप पुन्हा हात पुढे केला!

"यकृताला उत्तम, असं पाकिटावर छापू या का गं?"

"मुळीच नको. पाव आहे तो, औषध नाही. नुसतं भुईआवळ्याचा पाव म्हणा."

तेवढ्यात मामांनी मला पकडलं. आमच्याकडे नव्या पावाचा पहिला घास करणाऱ्यानेच खायचा असतो. "पहिला घास तुझा होता, सगळ्यांनी खाल्ला तरी तू का नाही?"

दाढ दुखतेय, मी म्हणाले. धडधडीत खोटं.

दादा, दाढ ठणठणीत आहे. तुझ्या डॉक्टरबाईंनी तुझ्यासारखंच मलाही झाडपाला बंद केलाय. हो, तू नको म्हणालास तरी मी तपासण्या करून आले. जुळतंय! माझ्या यकृताचा तुकडा तुला चालेल, आणि माझं पुन्हा वाढेल म्हणाल्या. मी दवाखान्याच्या जिन्यातच नाचले.

"बहिणीचं पोट चिरून मला जगायचं नाही," म्हणे! मला भयंकर राग आलाय तुझा. भीती मलाही वाटते रे, पण तू नसलेल्या घराची जास्त वाटते. तिथे मी कुणाचं डोकं खाऊ?

एक पाव फ्रीजरमध्ये ठेवलाय. मामांना बजावलंय, कुणी हात लावायचा नाही. आपल्या दोघांचे टाके निघाले आणि डॉक्टरबाई हो म्हणाल्या की एकत्र कापू. कडा माझ्या, तू त्या टाकतोसच.

बाकी सगळं ठरलंय. फक्त तुझा होकार राहिलाय. चिडून दिलास तरी चालेल.

पहिला घास अडवून बसलेली,
तुझी टकळी