लाख पिंपं तेल आणि उकडलेले बटाटे

आदरणीय दाजी,

तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावरून नमस्कार. तो गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालीच उभं राहून ताईला हाका मारता? ब्लडप्रेशरची गोळी रोज घेता ना? ताईला सांगा, मी वेळेवर जेवतो (जहाजावरचा स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे नावं ठेवायचीही सोय नाही). सकाळी पेपर वाचून झाला की जगाच्या तेलाचं भवितव्य शेजारच्या न्हाव्याला समजावून सांगणं चालूच असेल. वस्तरा हातात असूनही तो तुमचं निमूट ऐकून घेतो, हा त्याचा मोठेपणा.

तुम्ही नेहमी म्हणता, तेलाचं राजकारण हा मोठ्या डोक्यांचा खेळ आहे. असेल बुवा. पण या खेपेला त्या खेळात माझी सुई, कॅप्टनचा लाल पायजमा आणि आमच्या जेवणघरातला टेबलक्लॉथ असे तिघे सापडलो, म्हणून हे सविस्तर लिहितो. तर झालं असं, की आमच्या जहाजाने ज्या देशातून तेल भरलं त्या देशाला मोठ्या देशांनी वाळीत टाकलं आहे. त्याचं तेल कुणी घ्यायचं नाही, असा ठराव आहे. आता तेल तर सगळ्यांनाच हवं. म्हणजे तोंडाने ‘चहा नको’ म्हणायचं आणि हाताने बशी पुढे सरकवायची, असला प्रकार. मग आमच्यासारखी जहाजं काय करतात, तर भर समुद्रात दुसऱ्या जहाजाला खेटून उभी राहतात, थोडं त्याचं तेल घेतात, थोडं आपलं देतात, आणि वेगळी होतात तेव्हा तेलाची आईच बदललेली असते. आमचं तेल असं एका नव्या देशाला दत्तक गेलं. आमचे इंजिनियर त्या देशात सुट्टीला जाऊन आले आहेत. ते शपथेवर सांगतात की तिथे मेंढ्यांशिवाय काही निघत नाही.

तेलाची आई बदलली तशी जहाजाचीही बदलायला हवी, असा मालकाचा फोन आला. (हा मालक आम्ही कुणी पाहिलेला नाही. कॅप्टनच्या मते तो एक माणूस नसून तीन वकील आहेत.) जुनं नाव कुणाच्या तरी आजीचं होतं, ते पुसून एका पक्ष्याचं नाव घालायचं ठरलं. मी लहानपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, हे एकदा बढाईच्या भरात बोलून गेलो होतो. ते अंगाशी आलं. दोरीने बांधलेल्या फळीवर बसवून मला जहाजाच्या मागच्या बाजूला लोंबकळत सोडलं. खाली समुद्र, वरून आमचा फर्स्ट ऑफिसर (आवाजामुळे त्याला आम्ही भोंगा म्हणतो) ओरडतोय, “अक्षरं सरळ काढ!” दाजी, मीच सरळ नव्हतो, अक्षरं कुठून सरळ येणार?

मग झेंडा. नव्या देशाचा झेंडा जहाजावर नव्हता आणि समुद्रात झेंड्याचं दुकान नसतं. फोनवरून वर्णन आलं: वर निळा पट्टा, खाली लाल, कोपऱ्यात तारा. निळ्यासाठी टेबलक्लॉथ कापला. लाल रंगाचं कापड अख्ख्या जहाजावर एकच होतं, आणि ते कॅप्टन रात्री घालून झोपायचे. त्यांनी देशासाठी (कुठल्या, ते विचारू नका) तो त्याग केला. तारा भोंग्याच्या पिवळ्या मोज्याचा. शिवण बरी झाली होती, फक्त टेबलक्लॉथवरचा रश्श्याचा डाग काही केल्या लपेना.

एवढं करून बंदर समोर दिसायला लागलं, तर तेल उपसणाऱ्या देशांची बैठक झाली. सगळ्यांनी मिळून कमी तेल उपसायचं ठरवलं, म्हणजे भाव चढेल. (आणि प्रत्येकाने घरी जाऊन मनात ठरवलं, बाकीचे कमी उपसतीलच, आपण थोडं जास्त उपसू.) मालकाचा फोन आला, भाव चढतोय, तिथेच थांबा. आम्ही नांगर टाकला. मग एक देश जास्त उपसतोय अशी बातमी फुटली, भाव पडायला लागला, फोन आला, पळा. नांगर उचलेपर्यंत त्या देशाने ती बातमी खोटी असल्याचं सांगितलं, भाव चढला, पुन्हा थांबा. “याला जहाज म्हणजे टॅक्सी वाटली काय?” असं कॅप्टन फोन ठेवल्यावर म्हणाले. ठेवायच्या आधी ते फक्त “होय साहेब” म्हणतात.

या थांबा-पळामध्ये माझ्या भटारखान्यातलं तेल संपलं. दाजी, पोटात लाखो पिंपं तेल घेऊन आमचं जहाज उभं होतं आणि फोडणीला चमचाभर तेल नव्हतं! सकाळी उकडलेले बटाटे, दुपारी उकडलेले बटाटे, रात्री बदल म्हणून तेच कुस्करून. लोक ताटाकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. इंजिनियर तर थंडपणे म्हणाले, “खालचंच थोडं काढू का?” ते विनोद करत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.

शेवटी आत यायचा हुकूम आला आणि झेंडा चढला. उलटा. भोंगा म्हणतो, मी दोरीचा फास भलत्या बाजूला शिवला. मी म्हणतो, डोळे त्यालाही आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही. घोटाळा असा, की तो झेंडा उलटा केला की शेजारच्या देशाचा होतो. (दोघांचं भांडणच मुळी कोण वर यावरून आहे म्हणे.) आणि बंदरवाल्या सरकारने त्याच आठवड्यात त्या शेजाऱ्याशी मोठा तेलकरार केला होता. पहिलं जहाज कधी येतं म्हणून मंत्री डोळ्यांत तेल घालून बसले होते. आम्ही तुरुंगाच्या तयारीने डेकवर आलो, तर धक्क्यावर बँड वाजायला लागला!

“उलटा आहे,” मी कॅप्टनच्या कानात कुजबुजलो.

“गप. हस,” ते म्हणाले.

मंत्री वर आले, फुलं दिली, दोन देशांच्या अतूट मैत्रीवर बोलले. मग त्यांनी कॅप्टनना विचारलं, “तुमच्याकडे हवा कशी आहे सध्या?” कॅप्टननी त्या देशात पाऊलही टाकलेलं नाही. ते म्हणाले, “तशीच.” मंत्र्यांना फार समाधान वाटलं. एवढ्यात त्या शेजारी देशाचे राजदूत स्वतः जिना चढून आले. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, डागाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “आमचा तारा पांढरा असतो. बाकी काम छान.” नंतर कळलं, करार केला तेव्हा त्यांच्याकडे ना जहाज होतं ना तेल. आम्ही देवासारखे धावून आलो. संध्याकाळपर्यंत त्यांनी खरा झेंडा आणि शिक्क्यांचे कागद पाठवले, मालकाने ‘होय साहेब’ म्हटलं, आणि तेव्हापासून आम्ही अगदी कायदेशीरपणे खोटे आहोत.

तेल उतरत होतं तेवढ्यात मी गावात पळालो आणि खाद्यतेलाचे पाच डबे घेऊन आलो. फाटकावर कस्टमवाल्याने अडवलं. म्हणाला, “तेल नेताय? परवाना?” मी मागे बोट दाखवलं, तिकडे नदीसारखं वाहत होतं. तो म्हणाला, “त्याचे कागद आहेत. तुमचे दाखवा.” डबे तिथेच राहिले. आजही बटाटेच.

बाकी सर्व क्षेम. ताईला काळजी करू नको म्हणावं.

तुमचा मेहुणा

ता. क. - पत्राचं खरं कारण आता लिहितो. ताईने माझ्यासाठी जे स्थळ आणलंय, त्या मुलीच्या वडिलांनी आमच्या कंपनीत चौकशी केली. असं जहाज नाही, त्यावर असा आचारी नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी ताईला सांगितलं की तुमचा भाऊ पक्का लबाड आहे. म्हणून दाजी, एकदा त्यांच्याकडे जाऊन तेलाचं आंतरराष्ट्रीय राजकारण नीट समजावून सांगा. तुमच्याइतकं सविस्तर कुणीच बोलत नाही. थकून तरी हो म्हणतील.

आणखी एक ता. क. - पाकीट बंद करता करता त्या मुलीचाच फोन आला. नंबर ताईकडून घेतला म्हणे. मी सगळं खरं सांगितलं, अगदी पायजम्यासकट. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, लबाड माणूस याहून बरी गोष्ट रचेल, तेव्हा वडिलांना मी बघते. अट एकच. तुम्ही मागे एकदा त्यांच्याकडे जाऊन तेलावर बोलला होतात, तेव्हापासून तेलाचं नाव काढलं की तिचे वडील उठून गच्चीवर जातात. तेव्हा दाजी, पाया पडतो, वरची विनंती रद्द समजा. घरीच थांबा. गुडघ्याला विश्रांती द्या.