काशीत काय सोडायचं?

पांढरकवडा, ५ जानेवारी १९६१, गुरुवार

"जाऊ!" म्हणाले. हे, म्हणजे वामनराव — नाव इथं लिहिलं तर कोण बघतंय! नुसतं 'बघू' नाही, 'जाऊ'! महिनाअखेर, कापसाची वेचणी आटोपली की. आग्रा, मथुरा, दिल्ली, लखनौ. आणि खायला जायचं. हो, खायलाच! ताजमहाल मधल्या वेळात बघू.

हैदराबाद रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात देवीलाल म्हणून आग्र्याचा ट्रक ड्रायव्हर थांबतो, त्यानं यांना वेड लावलंय. "वामनरावजी, सुबह की गरम बेड़ई, आलू के साथ, एक बार खाके तो देखो!" यांनी ते घरी येऊन त्याच्याच आवाजात सांगितलं. खूप हसले मी.

मला बेडई म्हणजे काय तेही ठाऊक नाही. पण एकोणीस वर्षं दोन्ही वेळा चुलीपुढे मीच. एकदा तरी दुसऱ्या कुणी रांधावं, गरम वाढावं, आणि मी बसून खावं. मला एवढंच हवंय.

८ जानेवारी, रविवार

शिंकली माशी! नानाजी, माझे सासरे, म्हणाले, "लखनौपावतर जाता अन् काशी नाही? मंग जाता कायले? पोटासाठी?" काशी नसेल तर घराबाहेर पडायचं नाही. यांनी लगेच मान डोलावली, "हो नानाजी, काशी तं आहेच." घाबरट!

आणि काशी म्हटली की सोडणं आलंच. आवडीची एक खायची वस्तू तिथं सोडून यायची, पुन्हा मरेपर्यंत तोंडात घालायची नाही. नानाजी आणि सासूबाई गेले होते तेव्हा दोघांनी आंबा सोडला. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. या घरात मी कधी आंबा चिरलेला नाही. मुलगासुद्धा खायचा तो मामाकडे जाऊन. सासूबाई तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेल्या. नवराबायकोनं नेम पाळावा तर असा, असं गावात अजून सांगतात.

निघालो खायला, आणि चाललो सोडायला!

९ जानेवारी

हे म्हणे दोडका सोडणार. दोडका! ताटात पडला तर बोटानं कडेला सारणारा माणूस! नानाजी कडाडले — "देवाले फसवतं काय बे?" शेवटी माझ्या हातची भरली वांगी ठरली. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्यांचं.

मग नानाजी माझ्याकडे वळले. "अन् तू, कोकिळा?" सांगते म्हटलं.

११ जानेवारी

शेतात गेले होते. तांड्यावरची बिजलीबाई कापूस वेचत होती. तिला सहज विचारलं, काशीला गेलीस तर काय सोडशील?

"मी कायले सोडू? बाटी अन् लसनाची चटनी — नाव काढलं तं तोंडाले पानी येते. तुले काय आवडते व बाई?"

मला सुचेना! यांना भरली वांगी. मुलाला शेवयांची खीर, अमरावतीला शिकायला गेला तरी पत्रात खीरच. सगळ्यांचं मला पाठ. आणि माझं? जे उरेल ते.

"अवं, जीभ आहे का नाही तुले?" बिजलीबाई ओटी सावरत हसत सुटली. मला राग आला. अजून आहे.

१३ जानेवारी

बाजारातून जिलबी आणवली. गोड लागली. पुढे काही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाची पोळी. नसती खाल्ली तरी चाललं असतं. चिवडा, गूळ-शेंगदाणे, सगळं चाखून झालं. हे विचारतात, "काय शोधून राह्यली तू डब्यात?" जीभ शोधतेय म्हटलं. वेड लागल्यासारखं बघत राहिले.

१६ जानेवारी

नानाजींना सांगून टाकलं — पुरणपोळी. खोटं! ते खूश. "मोठी गोष्ट सोडून राह्यली." गंगाजळ आणायला त्यांचा तांब्याचा गडू काढून दिला. आणि मी दोडक्याला हसले होते!

ट्रंक भरली. उपसली. पुन्हा भरली. घरात पाय ठरत नाही. उठते, दारात जाते, पुन्हा आत येते. हे म्हणतात, "अवं, गाडी नागपूरहून सुटते, आपल्या दारातून नाही."

२१ जानेवारी, शनिवार

आज शेतातल्या मारोतीपाशी रोडगे होते, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे. आमच्याकडे रोडगे पुरुषांनीच करायचे — कणीक तेच मळणार, गोवऱ्या तेच पेटवणार, वांग्याची भाजीही त्यांचीच. आम्हा बायकांना संध्याकाळी फडक्यात बांधून येतात. थंड, दगडासारखे. एकोणीस वर्षं तसेच खाल्ले.

आज हे तूप विसरले. ओसरीवर बरणी तशीच! संध्याकाळपर्यंत वाट बघवेना. उचलली आणि चालत निघाले.

हे आरापाशी बसलेले, कोपरापर्यंत राख. मला बघून आधी ओशाळले. मग म्हणाले, "आलीच तं बस." नैवेद्य झाला होता. निखाऱ्यातून एक रोडगा काढला, फडक्यावर आपटला, फोडला. आतून वाफ! वर तूप ओतलं, पळसाच्या पानावर भाजी. मी कडूलिंबाखाली बसून खात होते आणि हे समोर उभे. "अजून घे." घेतला. "अजून?" घेतला! बाकीचे पुरुष बघत होते. बघू देत. वरचं कवच करपलेलं, आतले पदर मऊ, बोटं भाजत होती. आज माझं पोट भरलं. इतकं बरं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

२२ जानेवारी

सापडलं. आता हेच सोडायचं?

२४ जानेवारी

सांगितलं नानाजींना. पुरणपोळी खोटी होती. खरी वस्तू रोडगे, गरम, यांच्या हातचे. आणि ते मी सोडणार नाही. देवाला फसवणारही नाही. म्हणजे काशी नको.

नानाजींनी काठी घेतली आणि शेताकडे निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

गेली माझी दिल्ली! माझ्याच तोंडानं घालवली. ते देवीलालचं आलू की काय, तेही गेलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

२५ जानेवारी

ट्रंक रिकामी केली. गडू नानाजींच्या खाटेजवळ ठेवला.

२७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी चहा द्यायला गेले. नानाजी गडू हातात घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता बोलले.

"आंबा म्याच ठरवला होता. तिले इचारलंच नाही. जीव होता तिचा आंब्यावर." मी तशीच उभी. "ती वारली त्याच्या आदल्या दिवशी आंब्याची फोड मांगतली व तिनं. एकच. मी नाही देल्ली."

चहा निवला.

"काशी राहू दे. तुमी जा. पोटभर खा."

सोमवारी निघतोय.