बोल्ट आवळताना

२ फेब्रु.
मिलिंदने गाडीचं इंजिन उघडायला घेतलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच, डाव्या हाताने. "ऑइल बघ, चहासारखं झालंय. हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, हेड, यांच्यामधली पट्टी. गॅरेजला नको म्हणाला. पॅरॅलिसिसनंतर पहिल्यांदाच स्वतःहून काही करतोय, म्हणून मी जुनी चादर खाली अंथरून दिली.
जिन्यात म्हणाला, "नाही जमलं तर गाडी भंगारात दे. हाताच्या व्यायामाचा तो बॉलही फेक, मग तेही नको."

५ फेब्रु.
नट-बोल्ट दुधाच्या पिशव्यांत. मी टॉर्च धरते, तेवढंच. उजवा हात मांडीवर असतो, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
शेजारच्या सावंतवहिनी: "भाऊजी, चालू झाली की आधी आम्हाला शिर्डी हं!" हसला. किती दिवसांनी.

८ फेब्रु.
हेड गोणीत घालून रिक्षाने उल्हासनगरला, घासून सपाट करून घ्यायला. वर्कशॉपचे शेठ म्हणाले, "टॉर्क पाना ले जाओ दादा. जितना चाहिए उतना ही कसता है."
"नको शेठ. कंपनीत इंजिनं जोडायचो तेव्हाही कधी लागला नाही. अपने हाथ को समझता है."
शेठनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोणीचं तोंड बांधत बसले.

११ फेब्रु.
पूर्वाचा पुण्याहून फोन. "आई, तू बाबांना अडवत का नाहीस?"
कशापासून अडवू?

१३ फेब्रु.
नवं गॅस्केट बसलं, वर हेड. आता बोल्ट. मधून सुरुवात, मग बाहेर. सगळे सारखे हवेत, नाहीतर परत गळणार. डाव्याचा जोर पुरेना, उजवा पाना धरेना. शेवटी पाना माझ्याकडे. त्याने डावा तळवा माझ्या मनगटावर ठेवला.
"ओढ. अजून. बास."
दोन-तीन झाले. पुढच्याला मी ओढतेय, ओढतेय, 'बास' येईना. वर पाहिलं.
"कळत नाहीये मला," तो म्हणाला.
काहीतरी म्हणायला हवं होतं. "चहा टाकू?" म्हणाले. मूर्खासारखी.

१४ फेब्रु.
सकाळी, कपात बघत: "शेठकडून तो पाना आण."
आणला. सगळे बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. हवा तेवढा आवळला की पाना कट् करतो. प्रत्येक कट्ला मिलिंद मान हलवतो, आपणच सांगितल्यासारखी.

१६ फेब्रु.
इंजिन चालू झालं!! पण रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे. "हवा असते आधी. गरम होऊ दे. तेव्हाही आले, तर गॅस्केट परत गळतंय."
पाणी खाली गेलं म्हणून कॅन भरायला वर आलेय. ओट्याला टेकून लिहितेय. निघताना पाहिलं, त्याने डाव्या हाताने उजवा उचलून गिअरवर ठेवला होता.
इंजिनाचा आवाज इथवर येतोय. एकसारखा. निदान मला तरी तसा वाटतोय.
खालून हॉर्न. एकदाच. इंजिन तापलं असणार; बुडबुडे थांबले की नाही, ते हॉर्नवरून कळत नाही.
कॅन भरलाय. नळ बंद केला. पाय निघत नाही.